रबर बदललेली बॅट

सांगलीतल्या आमच्या हॉलमध्ये सकाळी सहाला टेबल टेनिसचा सराव सुरू व्हायचा, म्हणजे चर्चा सुरू व्हायची. चेंडू हलायचा साडेसहानंतर. बॅटच्या लाकडी फळीला ‘ब्लेड’ न म्हणणारा माणूस आमच्यात अडाणी ठरे. ब्लेडवरच्या रबराचा वेग, फिरकी आणि ताबा यांवर आम्ही तासन्‌तास बोलत असू. खेळ मात्र होता तिथंच होता.

चर्चेचे म्होरके एक विमा अधिकारी. नवं रबर आणलं की ते आधी त्याचा वास घेत. त्यांच्याकडे अगदी सारख्या दोन बॅटी होत्या. मागच्या वर्षी त्यांतल्या एकीचं रबर बदलायला त्यांनी ती कराडला मेहुण्याकडे पाठवली. परत आली तशी दोन्ही टेबलावर ठेवून म्हणाले, “फरक सांगा. प्रामाणिकपणे.”

प्रत्येकानं आलटून पालटून दोन्ही बॅटींनी खेळून पाहिलं. दातांचे डॉक्टर म्हणाले, नवं जास्त चपळ आहे. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, म्हणजे मला गप्प बसून चालणारच नव्हतं. नव्या रबरावर चेंडू क्षणभर जास्त रेंगाळतो, हे मी घर्षणासकट समजावून सांगितलं. विमा अधिकाऱ्यांनी डोळे मिटून मान डोलावली.

शेवटी पलूसचे एक निवृत्त हवालदार उठले. घरचा ऊस, नोकरी सगळी सीमेवर, खेळ शिकले तो पलटणीत. दहा मिनिटं दोन्ही बॅटींनी खेळून म्हणाले, “मला तर दोनी सारख्याच वाटत्यात.”

कुणीतरी हसलं. मी समजुतीच्या सुरात म्हणाले, “त्यासाठी हात तयार व्हावा लागतो, हवालदार.”

“व्हय मॅडम,” एवढंच बोलून ते खुर्चीवर जाऊन बसले.

रविवारी अधिकाऱ्यांचे मेहुणे स्वतः हॉलवर हजर. हातात नव्या रबराचं न फोडलेलं पाकीट. “आवं दाजी, चिकटवायचा गमच वाळला हुता. बॅट तशीच माघारी धाडली. फोन करायचं ऱ्हायलं बघा.”

हॉलमध्ये कुणी कुणाकडं बघेना. डॉक्टर बुटाची नाडी बांधू लागले; ती सुटलेली नव्हती. अधिकारी मात्र अधिकारी होते. “म्हणजे जुनं रबर अजून उत्तम आहे, हेच सिद्ध झालं,” ते म्हणाले. आम्ही सगळ्यांनी लगेच मान्य केलं. मीही. हवालदारांची माफी मागावी असं वाटलं, पण मी कोपऱ्यातले चेंडू गोळा करायला लागले.

चार दिवसांनी नवं रबर खरोखर चिकटवून आलं. या वेळी सगळ्यांनी ती बॅट आधी हवालदारांकडे दिली, जणू शिष्टाचारच. त्यांनी पाच-सहा चेंडू मारले, थांबले, परत मारले. “हां. ह्ये लय धरतंय चेंडू. मनगट जरा सैल ठेवाय पायजे.”

मग मी घेतली. वीस चेंडू मारले असतील. खरं सांगायचं तर मला काडीचाही फरक कळला नाही.

“काय वाटतंय मॅडम?” हवालदारांनी विचारलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, हेच जास्त लागलं.

“काही कळत नाही मला,” मी म्हणाले. अधिकाऱ्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी पक्ष बदलला.

“मग खेळूया की,” म्हणत हवालदार टेबलापलीकडं गेले. तो गेम मी अकरा-तीननं हरले.