शालिनीबाईंची खाकी कव्हरं

बालविभाग सांभाळणाऱ्या शालिनीबाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांच्याशी खोटं बोलत होते. डिलाईल रोडवरच्या आपल्या वाचनालयातून सातवीत असताना मी सर्वांत जाडजूड पुस्तक नेलं आणि दुसऱ्याच दिवशी ‘वाचलं’ म्हणून परत आणलं. खरं तर मला जोडाक्षरंही धड वाचता येत नव्हती. बाईंनी गोष्ट विचारली नाही. कंटाळा कुठल्या पानावर आला, एवढंच विचारलं, आणि मी ‘पहिल्याच’ म्हणून गेले. मग त्यांनी दुसरं पुस्तक काढून दिलं. ते पहिली-दुसरीच्या मुलांचं होतं, पण बालविभागातल्या झाडून सगळ्या पुस्तकांना बाईंनी स्वतः एकसारखी खाकी कव्हरं घातली होती. चाळीच्या जिन्यात बसून मी ते वाचलं. कोणी हसलं नाही, कारण कोणाला कळलंच नाही. आज मी परिचारिका आहे आणि दर रविवारी बाईंच्या हाताखाली बालविभागात बसत आले आहे.

बाई नव्या मुलाला इयत्ता विचारत नाहीत. शेवटचं भांडण कोणाशी आणि कशावरून झालं, ते विचारतात, आणि उत्तर ऐकता ऐकता कपाटाकडे जातात. गॅरेजवाल्याच्या आठ वर्षांच्या मुलाला त्यांनी मोठ्यांचं स्कूटरदुरुस्तीचं पुस्तक दिलं होतं; त्याने आकृत्यांखालची नावं वाचत वाचत मराठी पक्की केली. आजी गेलेल्या एका मुलीला, कोणीच मरत नाही असं पुस्तक हवं होतं. बाईंनी दोन दिवस शोधून तिला एक दिलं आणि सांगितलं, “एकोणसत्तराव्या पानावर थांब. पुढचं तुला वाटेल तेव्हा.” ती मुलगी दोन वर्षांनी ते पुस्तक पुन्हा मागायला आली होती.

हा बाईंच्या सत्कारानिमित्त निघणारा गौरवग्रंथ आहे, इथे गोड लिहावं, हे मला कळतं. संपादकांनी तसं सुचवलंही होतं. पण मला राग आला आहे, आणि तो गिळून कौतुक केलं तर ती बाईंशी बेइमानी होईल.

गेल्या वर्षी बाई आजारी असताना आपल्या कार्यकारिणीने बालविभाग ‘आधुनिक’ केला. कव्हरं फाडून टाकली आणि कपाटांवर वयाच्या पट्ट्या चिकटवल्या: सहा ते आठ, नऊ ते अकरा, बारा ते चौदा. त्याच आठवड्यात सातवीतली एक मुलगी माझ्यासमोर सहा ते आठच्या कपाटापाशी गेली, मागे वळून तिने कोण बघतंय ते पाहिलं, आणि रिकाम्या हाताने निघून गेली. ती पुन्हा आली नाही. तिच्यासारखी आणखी किती मुलं गेली, ते कोणी विचारलं नाही. बाई परतल्या तेव्हा त्यांनी त्या पट्ट्या नखांनी खरवडून काढल्या. मी त्यांना इतकं संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर सभेत चिटणीस म्हणाले, हल्ली मुलं वाचतच नाहीत. विभाग उघडा असायचा अकरा ते पाच, म्हणजे रविवार सोडला तर मुलं शाळेत असताना! संध्याकाळची वेळ द्या, म्हणून बाईंनी केलेले अर्ज याच चिटणिसांच्या टेबलावर पडून होते. आता तिथे स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका व्हायची आहे. त्या तरुणांना जागा हवीच, पण वरचा हॉल साड्यांच्या प्रदर्शनांना भाड्याने जातो, तो का नाही चालत? आज बालविभागाला कुलूप आहे, आणि त्याच खोलीबाहेर सत्काराचा मंडप पडणार आहे.

निमंत्रण मिळाल्यावर बाईंचा मला फोन आला. “अगं, शाल घेईन की,” त्या म्हणाल्या. “पण आधी कुलूप काढायला सांग. नाही काढलं तर मी फाटकाबाहेर चटई टाकून बसेन. घरची पुस्तकं आणेन.”

शालिनीबाईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे डोळे आणि गुडघे शाबूत राहोत, हे मी अगदी मनापासून मागते. कार्यकारिणीला मात्र एवढंच कळवते, की कुलूप तसंच राहिलं तर त्या दिवशी व्यासपीठावर बाई नसतील आणि मीही नसेन. शाल फाटकाबाहेर आणून द्यावी लागेल, आणि तीही मुलांचं वाचून झाल्यावर.