धाब्याचा वरचा थर

सकाळी डोळे उघडले तरी उखाआबा लगेच उठत नसत. पडल्या पडल्या उजवा तळवा गोधडीवरून फिरवत, परातीतलं उरलेलं पीठ गोळा करावं तसा. हाताला लागलेली माती चिमटीत चोळत, नाकाशी नेत, मग उठून अंगणात टाकत. आणि चुलीपाशी बसलेल्या जमनाबाईंना सांगत, "आज चिमूटभर शे," नाहीतर, "आज काही पडनं नही व."

लग्न होऊन आल्या तेव्हा जमनाबाईंना याचं हसू यायचं. पुढे त्यांचाही दिवस त्या चिमटीपासूनच सुरू व्हायला लागला.

प्रकाशा गावाच्या खाली, तापीच्या काठावरचं त्यांचं गाव. तिथल्या गुजरांच्या आळीत सगळी घरं धाब्याची, सपाट मातीच्या छताची. सागाच्या जाड कड्या, त्यांवर तुराट्या, तुराट्यांवर कडुनिंबाचा पाला आणि पळसाची पानं, पानांवर वीतभर माती, आणि सगळ्यात वर पाणी आत शिरू न देणारी पांढरी खारी माती. वैशाखात बाहेर उन्हानं डोळे दिपायचे, तेव्हा धाब्याखाली माठाच्या पोटात असावा तसा गारवा असायचा. तो गारवा मातीचा. म्हणून आळीतल्या लोकांना वाटायचं, माती जेवढी जास्त तेवढं घर थंड. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पावसाच्या आधी, जुन्यावर नवा थर. जुनं खाली उतरवायचं मात्र कोणाच्या मनात यायचं नाही. थरावर थर चढत जायचे, कड्या वाकायच्या, खालचा पाला कुजायचा आणि मग बारीक माती घरात झरायला लागायची.

अशा वेळी उखाआबांना बोलावणं यायचं. ते भर दुपारी घरात जाऊन उभे राहायचे. वरच्या कडीला तळवा लावायचे, तुराट्यांत बोट खुपसायचे, आणि गरम लागलं की म्हणायचे, "पाला मरी गया. आते वर नका टाका, पहिले जुनी उतारा."

"आबा, आजून एक वरीस काढी ली ना कडी?" एकदा शेजारचा दगा म्हणाला होता.

"कडी काढी ली. तू निंघशी का खालतून?"

आळी हसली होती. दगानं त्याच आठवड्यात धाबं उतरवलं.

आबांच्या घरात थर टाकायची रीत वेगळी होती. आखाजीला माहेरी आलेल्या लेकीनं खारी मातीची पहिली पाटी धाब्यावर ओतायची. आबांच्या आईनं ते सुरू केलं होतं. बापाच्या डोक्यावर लेकीची सावली, असं ती म्हणायची. आबांना एकच मुलगी, सरला. नदीपलीकडे दिलेली. ती यायची, झोक्यावर बसायच्या आधी शिडी चढायची. तिच्या शेवटच्या आखाजीला तिला चौथा महिना होता. जमनाबाई खालून ओरडत होत्या, "उतर व माय, पाय सरकी!"

"आई, मन्हा पायखाले आबानं घर शे. मी नही पडाव," असं म्हणत ती माती पसरत होती. धुमसानं ठोकताना तिची हिरवी बांगडी फुटली. तुकडे वेचायला ती वाकली, तर आबाच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. बसतीन मातीमा."

भाद्रपदात निरोप आला, सरलाला दिवस भरायच्या आधीच कळा लागल्यात. तापीला पूर होता. नावाडी नाव सोडायला तयार झाला नाही, आणि त्याला कोणी दोषही देऊ शकलं नाही. पाणी ओसरून नाव सुटली तेव्हा पलीकडे फक्त राख उरली होती.

पुढच्या आखाजीला आळीतल्या बायका आपण होऊन मातीच्या पाट्या घेऊन आल्या. आबांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. "औंदा नही," एवढंच म्हणाले. त्याच्या पुढल्या वर्षीही तेच. पाऊस उघडला, ऊन पडलं की ते धाब्यावर जाऊन उभे राहायचे. धुतलेल्या मातीत कुठेतरी हिरवं चमकायचं.

गोधडीवरची चिमूट हळूहळू मूठ झाली. आबा ती गोळा करायचे, अंगणात टाकायचे, आणि म्हणायचे, "आज चिमूटभर शे."

जमनाबाईंना दिसत होतं. कोठीची खोली वैशाखात तापायला लागली होती. मधली कडी एवढी वाकली की खोलीचं दार घासायचं. एका दुपारी त्यांनी स्वतःच कडीला हात लावून पाहिला आणि बाहेर येऊन नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"आपला पाला मरी गया."

आबा दोर वळत होते. हात थांबले नाहीत.

"गावले सांगतस. आपलं घर दिसत नही का तुमले?"

"पोरनी टाकेल माटी शे ती."

"मी कोठे फेका म्हनस? वरना थर पहिले काढू. कोरडी शे तवलोंग आलग ठेवू, पोत्यामा. नवा पाला टाकू, नवी माटी टाकू, आनि सगळास्ना वर परत तीच टाकू. तिनीच."

आबांनी पहिल्यांदा वर पाहिलं. ही गोष्ट त्यांच्या डोक्यात आलीच नव्हती, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. क्षणभर जमनाबाईंना वाटलं, आता शिडी आणतील. पण ते पुन्हा दोराकडे वळले.

"आखाजी झाल्यावर दखू."

आखाजी झाली. मग पाऊस आला.

पुढच्या चैत्रात आबा बैल बघायला शहाद्याला गेले होते. जमनाबाईंनी दगाला हाक मारली, शिडी लावायला सांगितली, रिकामी पोतीही काढून ठेवली. दगा वर गेला, फावडं उचललं आणि खाली वाकून विचारलं, "काकी, सुरू करू?"

त्या अंगणातून वर पाहत होत्या. त्याच्या पायाजवळ काहीतरी हिरवं लकाकलं. बांगडी असेल, नसेलही. सरला उभी होती तिथेच तो उभा होता.

"उतर रे बा," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे. त्यास्ले इचारीसन करू."

"मंग मले बलावं कसाले? शिडी मजबूत शे का ते दखाले?" दगा उतरता उतरता बोलला, पण त्यांचं तोंड पाहून त्यानं शिडी काढून ठेवली.

त्यांनी पोती परत घडी करून ठेवली. आबांना त्यांनी कधीच विचारलं नाही.

त्या श्रावणात झड लागली. सूर्य दिसेना. चौकातल्या पन्हळीतून गढूळ, तांबूस पाणी पडत होतं आणि आबा ओट्यावर बसून त्या पाण्याकडे बघत होते. पाणी कुजलेल्या पाल्यात शिरलं होतं; त्याचा अर्थ त्यांच्याइतका गावात कोणाला कळत नव्हता. जमनाबाई दाणे काढायला कोठीच्या खोलीत गेल्या. आवाज फार मोठा झाला नाही. आधी झाडाची फांदी मोडावी तसा, मग ओली गोणी जमिनीवर टाकावी तसा. मधली कडी मोडून मातीच्या कोठीवर आडवी पडली, म्हणून जमनाबाई वाचल्या. पाय तेवढा अडकला. आबा हातांनी माती उपसत होते आणि एकच बोलत होते, "मी दखत व्हतू. मी दखत व्हतू."

पाय वाकडाच बसला.

पाऊस थांबल्यावर आबांनी तो ढिगारा अंगणात पसरला आणि चाळायला घेतला. काळी माती, पांढरी माती, कुजका पाला, कोठीतली ज्वारी, सगळ्याचा एक चिखल झाला होता. कोणता थर वरचा, कोणता खालचा, सांगता येत नव्हतं.

"आबा, हांडा गाडेल व्हता का?" दगानं कुंपणावरून हसत विचारलं. आबा चाळत राहिले. जमनाबाई ओट्यावर पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांनी दगाकडे नुसतं पाहिलं. तो कुंपण ओलांडून आत आला आणि दुसरी चाळण घेऊन बसला. काय शोधायचं ते त्यानं विचारलं नाही.

हिरवं काही सापडलं नाही.

दिवाळीनंतर आळीनं मिळून नवं धाबं घातलं. नव्या कड्या, ताजा पाला, वर स्वच्छ खारी माती. पहिली पाटी कोणी ओतायची म्हणून सगळे थांबले, तेव्हा आबांनी ती दगाच्या मुलीच्या हातात दिली. जमनाबाईंना वाटून गेलं, त्या चैत्रात सरलाची माती पोत्यात भरून ठेवली असती, तर आज तीही यात मिसळता आली असती. आबांच्याही मनात तेच चाललं असावं, कारण ते शिडीपाशीच रेंगाळले, वर चढले नाहीत.

घर पुन्हा गार झालं. आबांची सवय मात्र गेली नाही. रोज सकाळी तळवा गोधडीवरून फिरायचा, कोरडाच परत यायचा. चिमूट नाही, काही नाही. तरी ते तो नाकाशी न्यायचे. कधी कधी जमनाबाईंना वाटायचं, यांना थोडी माती पडायला हवी आहे.

लढाईच्या दिवसांत, रॉकेल मिळेनासं झालं त्या हिवाळ्यात, आबा खंगत गेले. गेले त्या सकाळीही ते आधीच जागे होते. जमनाबाई वाकडा पाय सावरत चूल पेटवत होत्या. मागे गोधडीवरून हात फिरल्याचा आवाज आला, सावकाश, पोटापासून गुडघ्यापर्यंत. मग रोजचाच आवाज.

"आज बी काही पडनं नही व."