जेवणाचं प्रात्यक्षिक

सामाजिक न्यायापायी वाळून काटकी झालेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण सामाजिक न्यायापायी लठ्ठ झालेला माणूस मी जन्मात एकच पाहिला. ते आमच्या विद्यापीठात हाच विषय शिकवायचे आणि मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून संख्याशास्त्राचे पेपर तपासायची. आमचं विद्यापीठ खासगी, उसाच्या फडात एकाएकी उभं राहिलेलं. तिथे सामाजिक न्यायाच्या वाट्याला शनिवारचा शेवटचा तास आला होता, म्हणजे पोरांनी गाडीला किक मारून झाल्यानंतरचा. सर रुजू झाले तेव्हा इतके बारीक होते की शिपायाने त्यांना प्रवेशाच्या रांगेत उभं केलं होतं. वर्ष सरता सरता त्यांच्या शर्टाची बटणं तटतटायला लागली.

सरांनी वर्गात आडनावबंदी केली होती. हजेरी नुसत्या नावाने घ्यायचे, आणि 'ओंकार' म्हटलं की निम्मा वर्ग 'हजर' म्हणायचा. आमच्या भागात नव्या माणसाच्या हातात चहाचा कप देण्याआधी त्याचं गाव, आडनाव आणि पाहुणे कोण हे विचारून घेतात. सरांना कुणी आडनाव विचारलं की ते गंभीरपणे "अजून ठरलं नाही" म्हणायचे. त्यामुळे त्यांना कुठे खोली मिळेना. अखेर हायवेवरच्या एका टायरवाल्याने दुकानावरची खोली दिली. तो केरळचा होता, आपल्या आडनावांतलं त्याला काही कळत नव्हतं.

अशा माणसाने जेवणाचं प्रात्यक्षिक काढलं यात नवल नाही. चिठ्ठ्या टाकून वर्गाच्या जोड्या लावायच्या, एकाने यजमान व्हायचं, दुसऱ्याने रविवारी त्याच्या घरी जाऊन पोटभर जेवायचं, त्यांच्या माठातलं पाणी प्यायचं, की दोघांना मार्क. पहिल्याच महिन्यात कळून चुकलं की यजमान व्हायला अख्खा वर्ग एका पायावर तयार आहे, पाहुणा व्हायला मात्र चिठ्ठी बघून ठरवतात. खाऊ घालण्यात आमच्या माणसांचा हात कुणी धरणार नाही. पण काही वस्त्यांची चिठ्ठी निघाली की पोरांना उपवास लागायचे. एकादशीला कँटीनमध्ये अंडाभुर्जी हाणणारी पोरं रविवार पाळायला लागली. मग पाहुणा जिथे गेला नाही तिथे सर स्वतः जायचे. "आईबापांनी शिजवलेलं वाया घालवायचं का, मॅडम?" एकेका रविवारी दोन-दोन घरी जेवून सोमवारी खिशात पित्ताच्या गोळ्या घेऊन यायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "सर, पोट बघा जरा." तर हसून म्हणाले, "हा वर्गाचा निकाल आहे, मॅडम. असाच वाढत चाललाय."

मग कुंडलच्या बाजूच्या एका गावातली, बौद्धवस्तीतली एक मुलगी आली. अभ्यासात हुशार, बोलायला कमी. तिची चिठ्ठी निघाली ती ऊसवाल्या घरातल्या, एका निवृत्त सुभेदारांच्या मुलाबरोबर. तिच्या आईने आधी लेकीकरवी विचारून घेतलं, पोरगं माळकरी तर नाही ना. मग उगाच शंका नको म्हणून पुरणपोळ्या केल्या, नवा माठ आणला. पोरगा आला नाही, सर जेवले. पुढच्या रविवारी पुन्हा पोळ्या, पुन्हा सर. माउली दारात उभी राहून रस्त्याकडे बघायची आणि म्हणायची, "येईल की. लांबचं पोरगं हाय, वाट चुकलं असंल."

सर थेट सुभेदारांच्या घरी गेले. तिथेही त्यांना आग्रहाने जेवूच घातलं. सुभेदार माणूस वाईट नव्हता, हेच तर दुखणं. म्हणाले, "आवं सर, त्या पोरीला आमच्याकडं आणा. ताट मांडतो, लुगडं नेसवून पाठवतो. पर आमचं पोरगं तिकडं कशाला?" सरांनी विचारलं, "पलटणीत तुम्ही कुणाबरोबर जेवत होता?" "समद्यांसंगं की. एका ताटात. पर ती पलटन हुती सर, हे गाव हाय."

सरांनी मुलीला पूर्ण मार्क दिले आणि मुलाला शून्य. त्यानंतर जे व्हायचं तेच झालं. संस्थाचालक साहेबांच्या केबिनमध्ये बैठक बसली, प्रात्यक्षिक बंद झालं, आणि मुलाला भरपाई म्हणून 'सहभोजनाचे महत्त्व' यावर निबंध लिहायला सांगितला. निबंध सुरेख होता, वार्षिक अंकात छापलासुद्धा. सरांचा करार मात्र पुढच्या वर्षी वाढवला नाही. कारण विचारलं तर साहेब म्हणाले, विषय आता ऑनलाइन झालाय, चारांतला एक पर्याय निवडायचा. हल्ली आमच्याकडे सामाजिक न्यायात कुणी नापास होत नाही. तेव्हा मला संताप आला होता, आणि आमच्या स्टाफरूममधून ब्रसुद्धा निघाला नाही याची लाज आजही वाटते.

जायच्या आधी सर एकदा त्या माउलीला सांगायला गेले, की आता कुणी येणार नाही. सांगायची वेळच आली नाही. तिने त्यांच्यापुढे पिठलं, भाकरी आणि फोडलेला कांदा ठेवला आणि म्हणाली, "आज पोळ्या न्हाई केल्या, सर. तुमी काय आता पाव्हणं न्हाई. घरचंच झालासा."

सामान बांधता बांधता सर मला हे सांगत होते. मी म्हटलं, "अहो, मग याहून मोठं बक्षीस काय हवं?" त्यांनी हातातल्या गाठोड्याची गाठ आवळली. मग म्हणाले, "मलाही तसंच वाटायला हवं होतं, मॅडम. पण जेवताना माझं लक्ष दाराकडे गेलं. त्यांनी ते आतून लावून घेतलं होतं."