बंद खोलीतून बाहेर कोण येईल

सोलापूर शहर व पंचक्रोशीतील तमाम सुजाण नागरिकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, या पृथ्वीवर आजवर जन्मलेला सर्वश्रेष्ठ बॉक्सर कोण, हा प्रश्न गेल्या उन्हाळ्यात नवी पेठेतल्या एका टॉवेलच्या दुकानात कायमचा निकाली काढायचे ठरले. दुकान माझे. ठरवणारे तिघे. त्या निकालापायी तिघांतल्या एकाचा डोळा पणाला लागणार आहे, हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. असते तर मी तोंड बंद ठेवले असते असे म्हणायला आवडेल, पण माझ्या तोंडाची मी हमी देत नाही.

तरुणपणी आम्ही एकाच क्लबात होतो. बारका विणकरांच्या तेलुगू घरातला. तो अठ्ठेचाळीस किलोत लढायचा, आता पॉवरलूमवर माग दुरुस्त करणारा जॉबर आहे. थोरला सांगोल्याकडचा, घरी मेंढरं. तो एक्क्याण्णव किलोच्या वरच्या गटात लढायचा, आता शाळेत पीटीचे सर. मी घंटा वाजवायचो. मारामारीत राहून मार न खाण्याची तेवढी एकच जागा मला सापडली होती.

दर रविवारी सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आत, दोघे माझ्या दुकानात टॉवेलच्या गाठींवर बसायचे, चहा यायचा आणि वीस वर्षे चाललेला तोच वाद पुन्हा सुरू व्हायचा.

"जगातले सगळे बॉक्सर, जिते नि मेलेले, एका खोलीत घाला," थोरला म्हणायचा. "भायेरनं कडी लावा. घटकाभरानं उघडा. चालत भायेर कोण येतंय? हेवीवेटच की. मग वाद कशाचा?"

"मग खोलीत रेडा पण सोड बे," बारका म्हणायचा. "रेडाच बाहेर येतो. त्याला दे पट्टा."

बारक्याचे म्हणणे असे, की श्रेष्ठ कोण हे बघायचे तर सगळ्यांना मनातल्या मनात एका मापाचे करायचे आणि मग कोण उरतो ते बघायचे.

"मनात व्हय? मनात तर मी बी फुलपाखरू हाय."

"तुमच्या गटात तिन्ही फेऱ्या, नऊ मिनिटं चुकलात तरी एक ठोसा सगळं माफ करतो," बारका म्हणायचा. "आमच्यात एका ठोशानं कोण झोपत नाही. नऊच्या नऊ मिनिटं खरं वागावं लागतंय. आणि वजन उतरवायला मे महिन्यात स्वेटर घालून मी पळलो, तू त्या वेळी काय करत होतास?"

"मटण खात हुतो."

मी न्यायाधीश. जो मागे पडेल त्याची बाजू घ्यायची, म्हणजे चहा गार होईपर्यंत भांडण गरम राहते. हा माझा धर्म आणि हेच माझे पाप.

त्या रविवारी शेजारचा साडीवाला आणि दोन ओळखीचे ऐकत उभे होते. प्रेक्षक दिसले की माझ्या अंगात येते. मी उठलो, दोघांच्या मधे उभा राहिलो आणि जत्रेतल्या पंचासारखा आवाज काढला, "मग जोड लावू का?" आणि दोघांचे हात धरून एकमेकांत दिले.

जत्रेतल्या कुस्त्या ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगतो. तिथे वजनकाटा नसतो. पंच नजरेने जोड लावतो, दोघांचे हात मिळवतो आणि माणसांसमोर हात मिळाला की कुस्ती ठरली. हरलेल्याला पुढच्या वर्षी पुन्हा बोलावतात. हात काढून घेतलेल्याला बोलावत नाहीत. बॉक्सिंगमध्ये यातले काही चालत नाही, काट्यावर दोघे एका गटात बसले नाहीत तर लढतच नाही. पण आमच्या क्लबातला प्रत्येक जण आधी तालमीच्या लाल मातीत लोळून मग ग्लोव्हजकडे आलेला.

मी हसलो. साडीवाला हसला. मग माझ्या लक्षात आले की ते दोघे हसत नाहीत आणि हातही सुटलेले नाहीत.

"हातसलामी झाली," साडीवाला हळूच म्हणाला.

"झाली," बारका म्हणाला. "येत्या रविवारी, क्लबात."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी थोरला एकटाच आला. बाहेर रस्ता भाजत होता. त्याने मला शटर अर्धे खाली ओढायला लावले आणि अंधारात गाठीवर बसला.

"डाव्या डोळ्याचा पडदा सुटला हुता," तो म्हणाला. "हैदराबादला जाऊन बसवून आणलाय. घरी सांगितलं, मोतीबिंदू. डॉक्टर म्हणलाय, डोक्याला धक्का बसता कामा न्हाय. बसला तर डोळा गेला."

"मग नाही म्हण," मी म्हणालो.

"हात दिलाय."

"मी सांगतो त्याला."

"सांगितलंस तर पुन्यांदा तुझी पायरी चढणार न्हाय. कीव करून सोडलं म्हणतील. त्यापरीस डोळा गेलेला बरा." मग तो उगीच हसला. "अठ्ठेचाळीस किलोचं पोरगं हाय ते. त्याचा हात माझ्या तोंडापतोर पोचतोय व्हय?"

पोचतो. घंटेजवळच्या स्टुलावरून मी तो उजवा हात शेकडो वेळा बघितला होता. गुडघ्यापासून निघायचा आणि आपल्यापेक्षा हातभर उंच माणसाच्या डोळ्यावर अचूक उतरायचा.

तो आठवडा मी टॉवेल चुकीचे मोजले. बुधवारी बारक्याच्या लूमवर गेलो. खडखडाटात तो छताच्या वाशाला टांगलेल्या गोणीला ठोसे मारत होता. गोणीत टाकाऊ सूत ठासले होते आणि ती उंच टांगली होती, बरोबर थोरल्याच्या तोंडाएवढी. प्रत्येक ठोशाला सुताची धूळ उडून त्याच्या भुवयांवर बसत होती. पन्नाशीचा माणूस, पण हात तसाच.

"हे बघ," मी त्याच्या कानाशी ओरडलो, "दुप्पट वजनाच्या माणसाशी लढत नियमातच बसत नाही. मी रद्द करतो."

"हात कोण मिळवून दिला बे?" तो म्हणाला आणि पुन्हा गोणीकडे वळला.

रविवारी सकाळी आठलाच क्लबाचा पत्रा तापला होता. चाळीसेक माणसे आली होती, चिवड्याच्या पुड्या घेऊन. जोड मी लावली म्हणून रेफ्रीही मीच. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या. हेडगार्ड घाल म्हणून मी थोरल्यापुढे हात जोडले. "त्यानं घातलंय का?" एवढेच तो म्हणाला.

पहिल्या फेरीत बारका नुसता बरगड्यांवर मारत राहिला. लोक हसत होते. थोरल्याचे दोन ठोसे हवेत गेले, तिसरा बारक्याच्या खांद्याला चाटून गेला तरी तो दोरापर्यंत भिरकावला गेला. बंद खोलीचा सिद्धांत जिंकतोय असे वाटले आणि मला देवाशपथ बरे वाटले.

दुसऱ्या फेरीत थोरला दमला. डावा हात हळूहळू खाली आला. चेहऱ्याची ती बाजू उघडी पडली आणि बारक्याचा उजवा हात गुडघ्यापासून निघाला. 'थांबा' म्हणायला मी तोंड उघडले, आवाज आला नाही. वीस वर्षे ज्या तोंडाने काड्या लावल्या ते तोंड एका शब्दासाठी चालेना.

हात डोळ्याच्या बोटभर अलीकडे वळला आणि खांद्यावर पडला.

पुन्हा तीच बाजू उघडी पडली, पुन्हा तो हात निघाला, पुन्हा वळला. तिसऱ्यांदा तसेच झाले तेव्हा चिवड्याच्या पुड्यांचा आवाज थांबला. ही चूक नाही, हे चाळीस माणसांना कळले होते. थोरल्यालाही.

तो रिंगच्या मधोमध थांबला. दोन्ही हात खाली सोडले आणि माझ्याकडे बघितले. मी नकारार्थी मान हलवली. मी खरेच कुणाला बोललो नव्हतो. त्याचा विश्वास बसला की नाही, कळले नाही. तो बारक्याकडे वळला आणि डावी बाजू पुढे करून वाकला, त्याला सोपे जावे इतका.

"मार," तो म्हणाला. "हितं मार. कीव करतोस व्हय माझी?"

बारक्याने उजवा हात उचलला. थोरला हलला नाही. मी दोघांच्या मधे जायला हवे होते. गेलो नाही. मग बारका एक पाऊल मागे सरला, दातांवरचे रबर थुंकला आणि रिंगमध्ये उभ्या आयुष्यात चकार शब्द न काढलेला तो माणूस शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असा ओरडला, "दुकानात चहाचा कप चाचपडत शोधतोस, मला दिसत नाही काय? तुझा डोळा फोडून मी जगात मोठा झालो, तर दर रविवारी मला 'नाही' म्हणायला कोण येणार बे?"