शाफ्टमधल्या शोभावहिनी

या फोरमवर मी बरीच वर्षं नुसती वाचक आहे. कुणाचाही अनुभव वाचला की माझा हात आधी "याला काहीतरी कारण असणार" हे टाइप करायला शिवशिवतो. मी मायक्रोबायॉलॉजीची. लग्नाआधी आणि नंतरही पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं. जे स्लाइडवर दिसतं ते आहे, नाही दिसत ते नाही, इतकं साधं माझं डोकं. आजही अमावास्या कधी आहे विचारलंत तर मला सांगता येणार नाही. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली...

१९९७ची गोष्ट. अभयला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, आखातात जबल अलीला एका वेअरहाऊसमध्ये नोकरी लागली. तो आधी गेला, चार महिन्यांनी मी आणि सई गेलो. सई तेव्हा चार वर्षांची. घर मिळेपर्यंत आम्ही करामाला अभयच्या एका कलीगच्या हॉलमध्ये राहत होतो. माणसं फार चांगली, पण दुसऱ्याच्या हॉलमध्ये किती दिवस काढणार? मुलगी रडली की मी तोंडावर हात ठेवायचे तिच्या.

सुट्टी फक्त शुक्रवारची. तीन शुक्रवार आम्ही घरं बघत फिरलो. करामा आवडलं होतं. खाली भाजी, जवळ देऊळ, सगळे आपले लोक. पण वन बेडरूमचं भाडं वर्षाला बत्तीस हजार दिरम. अभय मोठ्याने हिशोब करायचा, "म्हणजे तीन लाख वीस हजार रुपये! मेधा, एवढ्यात पुण्यात वन रूम किचनचं डाउन पेमेंट होईल." मग शारजा. इंडस्ट्रियल एरियाच्या कडेला एक फ्लॅट अगदी स्वस्त मिळत होता. खाली ओळीने गॅरेज, हवेत ग्रीसचा वास, आणि रस्त्यावर सगळे पुरुषच. मी सईला कडेवरून खालीसुद्धा उतरवलं नाही. अभयने टॅक्सीला हात केला.

तिसऱ्या शुक्रवारी एजंटने शारजातल्याच अबू शगारामधला फ्लॅट दाखवला. पाच मजली बिल्डिंग, चालत पाच मिनिटांवर पार्क, स्कूल बस दारात. "फॅमिली बिल्डिंग, मॅडम. नो बॅचलर्स," असं तो तीनदा म्हणाला. अठरा हजार. फ्लॅट नंबर तीनशे चार. हॉल अंधारा होता, आणि किचनची एकुलती एक खिडकी बिल्डिंगच्या मधल्या शाफ्टमध्ये उघडत होती. मला काही पसंत पडेना. मी खिडकी सरकवून बघितली. खाली कबुतरं, पाइप, पडलेले कपड्यांचे चिमटे. वर आभाळाचा एक पांढरा चौकोन.

आणि तेवढ्यात आवाज आला.

"पिंके, हात धुतलेस का? आधी हात धू, मग लाडू."

मी आणि अभय एकमेकांकडे बघत राहिलो. अभय हसला. "अगं, मराठी!" चार आठवड्यांत पहिल्यांदा मला रडू आलं आणि ते बरं वाटून आलं. मी म्हटलं, "इथेच घेऊ."

एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवते. तो आवाज अभयनेही ऐकला होता. मी एकटीने नाही.

राहायला गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुपारी मी भांडी घासत होते. खिडकीतून आवाज, "कोण नवीन आलंय का हो?" मी पटकन म्हणाले, "हो, आम्ही. पुण्याचे." मग काय, रोज गप्पा. तिचं नाव शोभा. माहेर कराडकडचं. नवरा कुठल्यातरी कॉन्ट्रॅक्टरकडे सुपरवायझर. पिंकी पाच वर्षांची. मी तिला शोभावहिनी म्हणायचे, ती मला ताई. शाफ्टमध्ये आवाज असा घुमायचा की वरून येतोय का खालून, काही कळायचं नाही. मी एकदा विचारलं, "कुठल्या मजल्यावर तुम्ही?" ती म्हणाली, "हे काय, इथंच की," आणि विषय बदलला. मला वाटलं, असेल शेजारच्या बाजूची.

अभय पहाटे साडेपाचच्या कंपनी बसने जायचा तो संध्याकाळी सातला यायचा. मला कुणी ओळखीचं नाही. खरं सांगायचं तर शोभावहिनी होत्या म्हणून मी ते पहिले महिने काढले. दूध म्हणून मी ताकाचं पाकीट आणलं आणि चहा फाटला, तेव्हा त्या इतक्या हसल्या! "आमच्या ह्यांनीपण तेच केलं होतं, ताई. त्यावर लबान लिहिलेलं असतंय, बघून घ्या." सईला खोकला झाला तर ओवा भाजून त्याने छाती कशी शेकायची, हे त्यांनीच सांगितलं. मी लॅबमधली बाई, पण मी निमूटपणे शेकली.

फक्त भेटायचं काही जमेना. मी म्हणायचे, पार्कमध्ये या, मुली खेळतील. त्या "हो की" म्हणायच्या. मी बाकावर बसून राहायचे, त्या यायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी, "नाही जमलं, ताई." असं चार-पाच वेळा झालं. मला राग आला. बोलायला गोड, पण घरात घेणार नाही, दारात येणार नाही... अशी कसली मैत्री? मी आठवडाभर खिडकी बंद ठेवली. त्यांनी दोनदा "ताई, आहात का?" विचारलं. मी पाण्याचा नळ जोरात सोडला.

नातूरला, म्हणजे आमच्या वॉचमनला, मी सहज एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "मराठी? इधर तो सिर्फ आप लोग हैं, मेमसाब." मला वाटलं, याला काय कळतंय कोण मराठी आणि कोण गुजराती.

मग तो दिवस आला. जानेवारी असावा, कारण एसी बंद होते आणि बिल्डिंगमध्ये बारीक आवाजही ऐकू यायचा. सई केजीतून येऊन टीव्हीसमोर जेवत होती. बंद खिडकीतूनही मला रडणं ऐकू आलं. मी खिडकी उघडली.

"ताई! ताई, आहात का? पिंकी डोळे उघडत नाही हो. अंग नुसतं भाजतंय."

मी म्हटलं, "वहिनी, तिला घेऊन खाली या. मी टॅक्सी थांबवते."

मग हळू आवाजात, "दार बाहेरून बंद आहे."

"म्हणजे?"

"हे कुलूप लावून जातात. रोजच. परवा साइटवर गेले ते आलेच नाहीत."

पार्कमधला तो बाक आठवला आणि मी सोडलेला नळ आठवला.

तेवढ्यात माझी बेल वाजली. खालच्या मजल्यावरची लिसी. मल्याळी, हॉस्पिटलमध्ये नर्स, नाइट ड्यूटी करून दुपारी घरी असायची. झोपेतून उठून आली होती. "मेधा, ये कौन रोता है? मेरे किचन में सुनाई देता है." म्हणजे तिनेही ऐकलं. शब्द तिला कळत नव्हते, पण रडणं कळत होतं. मी तिला घाईघाईत सांगितलं. ती नर्स, तिने लगेच विचारलं, ताप किती, फिट आली का. मी मराठीत विचारायचे, शोभावहिनी उत्तर द्यायच्या, मी लिसीला हिंदीत सांगायचे. "गीला कपडा रखने को बोलो, पूरा बदन पे," लिसी म्हणाली. मी सांगितलं. शाफ्टमधून पाणी ओतल्याचा आवाज आला.

सई किचनच्या दारात उभी. "आई, व्हाय इज दॅट आंटी क्राइंग?"

लिसीला तिथेच ठेवून मी जिन्याकडे पळाले. त्या शाफ्टवर ज्यांची किचन होती त्या सगळ्यांकडे गेले. पहिल्या मजल्यावर सुदानी जोडपं, त्यांनी मला आत नेऊन घर दाखवलं. दुसऱ्यावर लिसीचंच घर, चौथ्यावर इजिप्शियन बाई, पाचव्यावर एक म्हातारे पाकिस्तानी आणि त्यांची सून. सगळ्यांनी दार उघडलं. कुणाच्याही दाराला बाहेरून कुलूप नव्हतं. नातूर गच्चीवर जाऊन आला, तळाशीही शाफ्टचं छोटं दार उघडून बघितलं. कबुतरं.

धापा टाकत परत आले. अभयला ऑफिसमध्ये फोन केला. तो म्हणाला, "पोलिसांना काय सांगणार, मेधा? कुठला फ्लॅट? कुणाचं नाव? आपण इथे व्हिसावरची माणसं आहोत. मी येईपर्यंत थांब." मी थांबले. पोलिसांना फोन केला नाही. हे मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

"ताई, कुणी येतंय का?" खिडकीतून आवाज. आता थकलेला.

"वहिनी, मी सगळी दारं वाजवली हो! सगळ्या मजल्यांवर!"

"मघाशी लांब कुठंतरी वाजत होतं. माझं नाही वाजलं."

"तुमचा फ्लॅट नंबर सांगा. दारावर लिहिलेला असतो. काय आहे नंबर?"

"तीनशे चार."

लिसीने माझ्याकडे बघितलं. मराठी आकडा तिला लगेच कळला नाही, पण माझा चेहरा बघून ती घाबरली.

"वहिनी, तीनशे चार माझा आहे."

"नाही हो, ताई. तीनशे चार. घर घेतलं तेव्हा ह्यांनी मला दाखवला होता नंबर."

मी पुढे काय केलं ते विचार करून केलं नाही. ओट्यावरची किल्ली उचलली, बाहेर गेले आणि माझंच दार ओढून घेतलं. लॅच लागलं. मग मी माझं दार वाजवलं. दोन्ही हातांनी. आतून लिसी ओरडली, "कौन है?" "वहिनी, मी मेधा आलेय, दार उघडतेय!" असं म्हणून किल्ली फिरवली. रोजची किल्ली, रोजचं लॅच. पण त्या वेळी ती अडकली. गंजलेल्या कुलपात अडकते तशी. मी सगळा जोर लावला, तेव्हा फिरली.

आत माझाच हॉल. सईचं अर्धं जेवलेलं ताट, टीव्ही चालू. लिसी किचनच्या खिडकीशी तोंडावर हात ठेवून उभी.

शाफ्टमध्ये काहीच आवाज नव्हता. मी हाका मारल्या. मगरिबची, संध्याकाळची अजान झाली, अभय आला, तरी मी हाका मारत होते.

तो आवाज पुन्हा कधीही आला नाही.

नंतर जेवढी चौकशी करता येईल तेवढी केली. बिल्डिंग तेव्हा पाचच वर्षांची होती. तीनशे चारमध्ये आमच्या आधी एकच कुटुंब राहून गेलं होतं, लेबनीज. एजंटने जुने कागद काढून दाखवले. मराठी कुटुंब त्या बिल्डिंगमध्ये कधीच नव्हतं. कुणी बाई, कुणी मुलगी, असं काही घडलं होतं का तेही विचारलं. काहीच नाही. आसपासच्या बिल्डिंगमध्ये जाऊन आले, मराठी मंडळात विचारलं, शोभा, कराडकडची, नवरा सुपरवायझर... कुणालाच माहीत नाही. अभय या विषयावर बोलत नाही. पहिल्या दिवशी पिंकीला मारलेली हाक त्याने ऐकली होती का, असं विचारलं की म्हणतो, "ऐकली होती," आणि उठून जातो.

वर्षाचं काँट्रॅक्ट संपलं तसं आम्ही ते घर सोडलं. त्याच्या आदल्या दिवशी लिसी निरोप घ्यायला आली तेव्हा मी तिला विचारलंच. मी बाहेर दार वाजवत होते, तेव्हा तू खिडकीशी होतीस. नक्की काय ऐकलंस?

ती म्हणाली, "तुमने नॉक किया ना, तो वो रोना बंद किया. फिर दरवाजा खुलने का आवाज आया. तुम्हारा नहीं, वो शाफ्ट में. फिर उसने एक बात बोला." तिने आठवून, अडखळत ते शब्द उच्चारले. "आलात... आलात का. इसका मतलब क्या है?"

मी सांगितलं, "आ गए क्या."

लिसीचा चेहरा एकदम मोकळा झाला. "तो फिर अच्छा है ना, मेधा! तुम पहुँच गई उसके पास."

मी मान हलवली. तिला बरं वाटलं होतं, ते मला मोडायचं नव्हतं. पण ओळख झाल्यापासून शोभावहिनींनी मला काहीही विचारलं तरी त्यात "ताई" असायचंच. मी लिसीला पुन्हा पुन्हा विचारलं, अजून काही म्हणाली का, पुढे, मागे? ती म्हणाली, नाही, बस इतनाच.

आपल्याकडे नवरा घरी आला की बायको त्यालाही हेच विचारते.

ते दार नक्की कुणी उघडलं, मला आजही माहीत नाही.