पुलीवरची रेघ

अंबरनाथला माझी जुनी जीप सांभाळणारा मेकॅनिक हात पुसल्याशिवाय बोलत नाही, आणि हात तो सहसा पुसत नाही. क्रँकची पुली, म्हणजे इंजिनाचा पट्टा फिरवणारं चाक, गेली तेव्हा मात्र पुसले. पुलीचा गाभा आणि बाहेरची रिंग यांना धरून ठेवणारं रबर सुटलं होतं. त्याने उल्हासनगरहून जुनीच पुली आणून बसवली आणि गाभ्यापासून रिंगपर्यंत पांढऱ्या रंगाची सरळ रेघ ओढली.

"रेघ तुटलेली दिसली की रबर सरकलं समजायचं. गाडी असेल तिथंच उभी करायची."

महिन्याभराने रेघ बोटभर तुटली. दुसऱ्या दिवशी आईला बारवी धरणाजवळ मावशीकडे न्यायचं होतं. मी जुनी रेघ खरवडली आणि ऑफिसच्या व्हाइटनरने नवी, सरळ ओढली. आम्ही जाऊन आलो.

पुढच्या आठवड्यात ऑइल बदलायला गेलो. त्याने टॉर्च मारून रेघ पाहिली, नखाने उकरली आणि बराच वेळ हात पुसले.

"गाडीत कोण होतं?"

"आई."

त्याने जीपची चावी खिशात टाकली आणि बाहेर जाऊन माझ्यासाठी रिक्षा थांबवली.