खाच नसलेला चोक

दादूसच्या डाव्या अंगठ्याला ठसाच नव्हता. आधार कार्डाच्या मशीनवर त्याने तो ठेवला, मशीन लाल झालं. लुंगीला पुसून ठेवला, पुन्हा लाल. लिंबू चोळून ठेवला तर मशीन बंदच पडलं आणि, खोटं वाटेल, पण पाठोपाठ अख्ख्या सुकापूरची वीज गेली. समोरची मुलगी घाबरून म्हणाली, "काका, तुमचा अंगठा कोरा आहे." दादूस भडकला. "कोरा? अगं बाय, अख्ख्या तालुक्याच्या फटफट्या भरल्यात याच्यात. तुझ्या मशीनला वाचता येत नाय, त्याला मी काय करू?"

दादूस म्हणजे आगऱ्यांमध्ये थोरला भाऊ. याला मात्र त्याच्याहून म्हातारी माणसंही दादूसच म्हणायची. भाताची शेतं गेली, त्यांच्यावर टॉवर उभे राहिले आणि टॉवरांच्या मागे एक पत्र्याची शेड तेवढी उरली. त्या शेडमध्ये दादूस जुन्या फटफट्यांचे चोक बदलायचा. फक्त चोक. ब्रेक लागत नाही म्हणून कुणी आला, तर "थांबवायचं काम माझं नाय, उठवायचं माझं," असं सांगून त्याला हाकलायचा.

थंड इंजिनाला सुरू व्हायला पेट्रोल जास्त आणि हवा कमी लागते. ती हवा अडवणारी झडप म्हणजे चोक. जुन्या गाड्यांत ती टाकीखाली, कार्ब्युरेटरला चिकटलेली असायची आणि तिला दोनच गोष्टी ठाऊक होत्या, पूर्ण बंद नाहीतर पूर्ण उघडी. दादूसला हे अमानुष वाटायचं. "मानूस काय डोले उघडल्या उघडल्या धावत सुटतो काय? आधी बसतो, जांभई देतो, चाय घेतो. इंजिनाला पण जीव हाय." मग तो त्या झडपेला क्लचची तार जोडून ती वर हँडलपर्यंत आणायचा. तिथे मोडीतल्या स्टोव्हच्या पितळेची एक पट्टी आणि तिच्यावर डाव्या अंगठ्याने सरकवायची बोटभर दांडी. दांडी जितकी सरकवाल तितकीच झडप हलणार. इंजिनाने सावकाश उठावं, अशी सोय.

आता त्या पट्टीवर नेमक्या जागी कानशीने एक खाच मारली, की दांडी तिथे आपोआप अडकेल आणि कुणीही गाडी सुरू करील. हे आम्हाला कळत होतं, दादूसला कळत नव्हतं असं थोडंच आहे? पण खाचेचं नाव काढलं की तो पाना उगारायचा. "खाच मारली की अंगठा झोपला! तुझी गाडी हाय ना, शेट? मग तुझ्या अंगठ्याला शोधू दे." पनवेलच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान, म्हणून मी शेट. वडिलांची फटफटी घेऊन मी पहिल्यांदा त्याच्याकडे गेलो तेव्हा सकाळभर किक मारून माझा पाय असा सुजला, की परतताना डाव्या पायात चप्पल आणि उजव्यात दादूसचा गमबूट घालून आलो.

दादूसकडे निकाल दोनच. गाडी खोकत, अडखळत का होईना, सुरू झाली, की तो मान हलवून म्हणायचा, "चालंल." आणि चोक बरोबर त्या जागी लागून इंजिनाचा आवाज भरून आला, की जागेवरून उठून ओरडायचा, "उठलीऽऽ!" त्या ओरडण्याने टॉवरच्या सोळाव्या मजल्यावरचे कावळे उडायचे. मला आयुष्यभर "चालंल"च मिळालं. कोन गावच्या एका पोराला एकदा "उठली" मिळालं, तर त्याने घरी सत्यनारायण घातला.

त्याची स्वतःची फटफटी मात्र रोज उठायची. सकाळी तो गाढी नदीचा पूल ओलांडायचा तो आवाज ऐकून रोडपालीतल्या बायका दूध गॅसवर ठेवायच्या, आणि तो परत येईपर्यंत ते बरोबर उतू जायचं. वहिनी, म्हणजे दादूसची बायको, दाराशी बसून म्हणायच्या, "माजा दमा ह्यांना कवा ऐकू येत नाय. त्या बयेला खोकला झाला, की रातभर झोप नाय."

मग दादूसला अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. उजव्या हाताने डावा अंगठा उचलून तो दांडीवर नेऊन ठेवायचा, आणि अंगठा तिथे टोपलीतल्या मासळीसारखा पडून राहायचा. ते बघवत नसे. गाडी कुणालाच सुरू होईना. दादूसचा मुलगा विकी, त्याचा कोनला लग्नाचा लॉन. तो एक दिवस म्हणाला, "बाबा, ही लॉनवर ठेवू. एंट्रीलाच. वरून लाइटिंग. नवरा-नवरी बसून फोटो काढतील."

"आनि माती भरून फुलझाडं लाव टाकीत."

"टाकीत नाही हो, सीटवर कुंडी ठेवू."

दादूसने मान फिरवली. मोठा माणूस रडायला लागला की विकीला सुचत नसे. तो घाईने म्हणाला, "बरं, चालू झाली तर शेडमध्येच राहील. प्रॉमिस. पण कुणालाही करता आली पाहिजे बाबा. दर वेळी शेटना बोलवायचं का?"

रविवारी सकाळी मी गाडीवर बसलो. मागे खुर्चीत दादूस, डोळे मिटलेले. मी किक मारतोय, तो सांगतोय. "पुढं घे. थोडा. अरं थोडा म्हनलं, अलिबागला निघालास काय! मागं." किक मारून माझ्या अंगातून इतका घाम गेला, की शेडमधली कोंबडी पोहायला लागली. मग दादूस एकदम थांबला. त्याने डोळे उघडले.

"दांडी तशीच धर," तो म्हणाला. "विकी, कानस आन."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. दादूसने उजव्या हातात कानस घेतली आणि माझ्या अंगठ्याशेजारी घासायला लागला. पितळेचा भुगा माझ्या नखांवर पडत होता. खाच झाली. विकीने एक किक मारली. गाडी जराशी खोकली आणि सुरू झाली!

आम्ही टाळ्या पिटल्या. वहिनींनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. दादूस ऐकत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "चालंल."

विकीने शब्द पाळला. गाडी शेडमध्ये राहिली आणि कुणीही सुरू करू लागला. विकीचे मेहुणे, गॅस सिलिंडर आणणारा, एकदा तर भटजीसुद्धा. जो तो त्या खाचेचं कौतुक करायचा. दादूसने खुर्ची वळवून रस्त्याकडे तोंड करून घेतलं. गणपतीच्या आधी तो गेला.

यंदाच्या थंडीत वहिनींनी बोलावलं. गाडी बरेच दिवस उभी आहे, जरा सुरू करून ठेवा म्हणाल्या. मी दांडी खाचेत बसवली, किक मारली. नेहमीसारखी खोकत सुरू झाली. का कोण जाणे, माझा अंगठा दांडी दाबून खाचेच्या पलीकडे सरकला. केसभर. आणि खोकला थांबला. आवाज असा भरून आला, की समोरच्या टॉवरवरचे कावळे उठले. एवढं वाक्य तरी खरं माना, यात पदरचं काही नाही.

कुणी म्हणेल, आजारी माणसाचा कान चुकला. दादूसचा कान? त्याने खाच आमच्यासाठी मारली होती आणि खरी जागा स्वतःसाठी ठेवली होती. "चालंल" म्हणून सांगितलंही होतं. आम्ही साखर खात होतो.

वहिनी हात पुसत दारात आल्या. "ह्यांचीच वाजली," म्हणाल्या आणि तिथेच चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

मी मागे वळलो नाही. खुर्ची अजून तिथेच होती. तिच्याकडून एक शब्द यायचा होता, तो माझ्या हक्काचा होता. थोडा वेळ वाट बघितली. मग दांडी परत खाचेत आणून ठेवली, आणि गाडी खोकायला लागली.